पिवळ्या पट्ट्याचा ऑक्टोबर

पाऊस गेला की आमच्या घणसोली गावात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. गच्च्यांवर जवळा वाळायला पडतो आणि काकाच्या मोबाईलमध्ये जहाजं यायला लागतात. पांढरीशुभ्र, मजल्यावर मजला चढवलेली, खाली ‘सीझन सुरू’ असं लिहिलेली जहाजं. काका ती सगळी घरच्या ग्रुपवर टाकतो आणि प्रत्येक जहाजाखाली तेच विचारतो, “जायचा का परत?” कुणी अंगठा दाखवतं, कुणी हात जोडतं, आई एखादं फूल पाठवते आणि विषय पुढच्या जहाजापर्यंत मिटतो.

या वर्षी मात्र काकाने खाली अजून एक ओळ लिहिली, “या टायमाला वैशूचा पट्टा निळा!” मी ऐरोलीच्या ऑफिसात डबा खात होते. एकटीच हसले. शेजारच्या मैत्रिणीने विचारलं, काय झालं गं? म्हटलं, काही नाही, सरकारच्या हिशेबाने मी आता मोठी झाले. तिला ठसका लागला. पट्ट्याची गोष्ट तिला डबा संपेपर्यंत सांगितली, पण ती अर्धीच झाली. पूर्ण सांगायची तर त्या ऑक्टोबरात परत जायला हवं.

मी एकोणीस वर्षांची होते. कॉलेजची सत्र परीक्षा संपली होती आणि आम्ही सगळे घरचे मिळून समुद्रसफरीला गेलो होतो. मुंबई बंदरातून निघायचं, भर समुद्रात फिरायचं आणि कुठेही न उतरता परत यायचं. आई म्हणाली होती, “म्हणजे कुठेच जायचं नाही, त्याचे पैसे द्यायचे.” चढताना प्रत्येकाच्या मनगटावर कागदी पट्टा बांधत होते. दारू पिण्याच्या वयाच्या माणसांना निळा, बाकीच्यांना पिवळा. आपल्याकडे अठराव्या वर्षी सरकार निवडता येतं, गाडी हाकता येते, मुलीला संसारसुद्धा मांडता येतो, पण दारूच्या पेल्यासाठी पंचविशी गाठावी लागते. मला पिवळा मिळाला. काकाचा ओम तेव्हा नऊ वर्षांचा, त्यालाही पिवळा. “दीदी, सेम सेम!” म्हणून त्याने माझ्या मनगटाला मनगट लावलं. मला त्याला बंदरातच सोडून यावंसं वाटलं.

मला प्यायचं होतं अशातला भाग नाही. आगरी घरात जन्मलेल्या माणसाला हळदीच्या रात्री वासानेच पुरेसं होतं. मला फक्त मोठ्यांत धरलेलं हवं होतं. घरात पन्नास भाकऱ्या थापायच्या असल्या की मी मोठी, आणि घरातलं काही ठरवायचं असलं की “वैशे, तू आत जा.” एकोणीस हे वयच तसं आहे. दाराच्या उंबरठ्यावर उभं राहावं तसं, आतले बाहेर म्हणतात आणि बाहेरचे आत. निळा पट्टा मिळाला असता तर निदान ते तीन दिवस तरी मी कुठल्या बाजूला आहे ते कळलं असतं.

पण ती सफर माझ्यासाठी नव्हतीच. ती होती आत्यासाठी.

आत्या म्हणजे बाबांची आणि काकाची थोरली बहीण. आजी लवकर गेली, त्यामुळे या दोघांना वाढवलं ते तिनेच. लग्न झालं तेही गावातच, चार गल्ल्या पलीकडे. भावांच्या पाठीवरून हात फिरवायला आणि पाठीत धपाटा घालायला, दोन्हीला सोयीचं. ऐन उमेदीत ती खाडीच्या चिखलात गुडघ्याएवढी उतरून निवट्या आणि चिंबोऱ्या धरायची आणि कोपरखैरण्याला नेऊन विकायची. खाडी तिला मागच्या अंगणासारखी. पण खाडीला पलीकडचा काठ असतो. आमच्या इथून पाहिलं की समोर मुंबईच्या इमारती दिसतात, संध्याकाळी त्यांचे दिवे लागतात. ती लहान असताना आजोबांनी तिला सांगितलं होतं, खाडीच्या तोंडातून खूप बाहेर गेलं की असं पाणी लागतं ज्याला कुठल्याच अंगाला काठ नसतो. त्या काळी आमच्याकडे बायका होडीत बसत नसत. त्यामुळे ते पाणी तिने बापाच्या तोंडून ऐकलं तेवढंच.

चौपाटीवर तिला नेलं होतं. ती म्हणाली, “यो कसला? मागं काठ हाय ना आपल्या पायाखाली.” तिला चारी बाजूंनी काठ नसलेलं पाणी हवं होतं. कुणाच्या तरी हळदीत, ढोल थांबल्यावर, ती बाबांना सहज म्हणून गेली, “मना एक डाव त्या पान्यात उभा राहून बघायचा हाय रं.” आत्या कधी काही मागत नाही. बाबांनी ते वाक्य मनात धरून ठेवलं आणि काकाच्या मोबाईलमधलं जहाज पहिल्यांदाच कुणीतरी गंभीरपणे पाहिलं.

त्या वर्षीचा ऑक्टोबर भारी तापला होता. गावठाणातली घरं एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की ऊन वरच्या गच्च्यांवरच अडतं आणि खाली गल्लीत नुसता उकाडा उतरतो. नवरात्राच्या मंडपाचे बांबू अजून निघाले नव्हते. ओहोटीच्या वेळी खाडीवरून चिखलाचा वास यायचा. भाड्याने राहणारी पोरं त्या वासाला नाक मुरडतात, आम्हाला तो आला नाही तर चुकल्यासारखं होतं. त्या उकाड्यात काका वाशीहून कपड्यांचं गाठोडं घेऊन आला. आमच्या हळदीत घरच्या सगळ्यांनी एका रंगाचे कपडे घालायची पद्धत आहे. काकाला वाटलं, जहाज म्हणजे हळदीपेक्षा मोठा कार्यक्रम. बायकांना मोरपिशी साड्या, पुरुषांना मोरपिशी शर्ट, मला त्याच कापडाचा कुडता. “गर्दीत कोन हरवला तर सापडाया नको?” त्याचं म्हणणं.

बंदरावर रांगेत उभे राहिलो आणि एका गोऱ्यापान काकूंनी आईला मोठ्या कौतुकाने विचारलं, “तुमचा शो किती वाजता आहे?” आईला आधी कळलंच नाही. कळल्यावर तिने पदर सावरून सांगितलं, “आम्ही प्रवासी आहोत.” काकूंना ते पटलं नसावं, कारण पुढे जहाजावर भेटतील तिथे त्या आम्हाला ‘ऑल द बेस्ट’ देत राहिल्या.

खरी गडबड सामान तपासायच्या यंत्रापाशी झाली. आत्याच्या पिशवीतून तांदळाच्या भाकऱ्या निघाल्या, तळलेले बोंबील निघाले आणि त्याखाली हळदीकुंकू लावलेला एक नारळ निघाला. बाहेरचं खाणं न्यायचं नाही, असा नियम होता. तपासणारा माणूस सज्जन होता, हात जोडून बोलत होता. भाकऱ्या-बोंबील आत्याने निमूट काढून दिले. नारळावर मात्र तिने हात ठेवला.

“यो खायाला नाय रं बाबा. दर्याला हाय.”

“मावशी, समुद्रात काही टाकायला तर अजिबातच परवानगी नाही.”

मागची रांग पुढे सरकली, कुणाची तरी बॅग आत्याच्या टाचेला लागली आणि नारळ तिथल्या ट्रेमध्येच राहिला. आत्या जहाजावर चढली, पण चढताना तिने बाबांना शांतपणे सांगितलं, “मान दिल्याबिगर दर्यात जायाचा नसतं. आता मी त्याला तोंड कसा दाखवू?”

आमच्याकडे ही साधी गोष्ट आहे. कुणाच्या घरी पहिल्यांदा गेलं की रिकाम्या हाताने जायचं नाही. दर्याकडे जाताना नारळ. बाबांना वाटलं, चढल्यावर विसरेल. पण विसरेल ती आत्या कसली. जहाज सुटलं, सगळे कठड्याशी धावले, फोटो निघाले, आणि आत्या खोलीत जाऊन खिडकीचा पडदा ओढून बसली. जेवायच्या दालनात मोठमोठ्या काचांमधून समुद्र दिसत होता. तिने स्वयंपाकघराकडे तोंड असलेली खुर्ची धरली. डेकवरून चालायची वेळ आली की ती समुद्राच्या बाजूचा पदर कपाळावर ओढून घ्यायची, टांग्याच्या घोड्याला झापड लावतात तशी. ज्याच्यासाठी आलो ते पाणी चारी बाजूंनी होतं, आणि तिने त्याच्याकडे पाठ केली होती.

आम्ही समजावून पाहिलं. आई म्हणाली, “वन्स, घरी गेल्यावर खाडीत सोडू की नारळ.” आत्या म्हणाली, “पाहुना म्हनून जेवायचा आज, आन् नमस्कार घालायचा पुढच्या आठवड्यात?” रागावलेली ती मुळीच नव्हती. ओमबरोबर बसून जादूच्या खेळाला टाळ्या वाजवत होती, बटण दाबलं की आइस्क्रीम देणाऱ्या यंत्रापुढे पुन्हा पुन्हा उभी राहत होती. फक्त समुद्र नव्हता तिच्यासाठी. बाबा मात्र आतून सुकत चालले होते. बहिणीने आयुष्यात एक गोष्ट मागितली आणि ती तिच्या पाठीमागे लाटा काढत वाहत होती.

आणि मी? खरं सांगायचं तर मी मजेत होते. पिवळ्या पट्ट्याचा पहिल्या तासाला राग आला, दुसऱ्या तासाला मी घसरगुंडीवर होते. वरच्या डेकवरून पोहण्याच्या तलावात येऊन पडणारी नागमोडी घसरगुंडी, आणि रांगेत माझ्या पुढेमागे सगळी कमरेएवढी पोरं. मुलांच्या खोलीत फक्त पिवळ्या पट्ट्याला प्रवेश होता. तिथे ओमने तोंडावर वाघ रंगवून घेतला आणि माझ्या गालावर मासा काढायला लावला. आंब्याच्या सरबतात छोटी कागदी छत्री खोचून मिळत होती, तशा छत्र्या मी वेणीत खोचल्या. निळे पट्टे घातलेली माणसं हातात पेले घेऊन सावकाश, जपून चालत होती. आम्ही पिवळे धावत होतो. पुढे नोकरी लागल्यावर किती ठिकाणी जाऊन आले, पण तशी धावले नाही.

संध्याकाळी डेकवरच्या बारपाशी बाबा आणि काका बसले होते. टेबलांवर कुणीही बसावं, काउंटरपाशी मात्र निळ्यांनीच जावं, असा तिथला कायदा. मी त्यांच्या टेबलावर सरबत घेऊन बसले. बाबांच्या पुढे व्हिस्कीचा ग्लास. काकाने काहीतरी मागवलं होतं ते हिरव्या शहाळ्यात आलं होतं, वरचं तोंड कापलेलं, आत नळी, बाजूला छत्री. तेवढ्यात काकाचा चेहरा पडला. जेवायला बोलवायला आत्या येत होती, पदराचं झापड लावून.

माझे बाबा तेव्हा पन्नाशी ओलांडलेले. मोठ्या ऑफिसात त्यांच्या हाताखाली माणसं. मनगटावर चकचकीत निळा पट्टा. आणि बहीण दिसताच त्यांनी काय करावं? ग्लास अलगद माझ्यापुढे सरकवला. थोरल्या बहिणीसमोर प्यायचं नाही हे आमच्या घरात पट्ट्यापेक्षा जुनं. पण जहाजाचा कायदाही जागा होता. पिवळ्या मनगटापुढे व्हिस्की पाहून एक वेटर धावत आला आणि मला इंग्रजीत समज देऊ लागला. बाबा छताकडे पाहत होते. काका शहाळ्याआड तोंड लपवत होता. मी एकटी दोन्ही कायद्यांच्या मध्ये बसले होते.

आत्याने एक नजर टाकली आणि खुर्ची ओढून आमच्याकडे तोंड करून बसली.

“प्याचा तर पी रं. पोरीच्या नावावर कनाला ठेवतंस?”

वेटरला मराठी कळत नव्हतं, पण कोणाला ओरडा बसतोय ते त्याला कळलं. त्याने ग्लास उचलून मुकाट्याने बाबांपुढे ठेवला. बाबांनी त्याला हात लावला नाही. त्या क्षणी मला माझ्या पट्ट्याचा सगळा राग गेला. आत्यासमोर बाबांचाही पट्टा पिवळाच होता, फक्त दिसत नव्हता.

आत्याचं लक्ष मात्र काकाच्या शहाळ्यावर खिळलं होतं. “यो नारल कुठशी आयला?”

“बारमधून,” काका म्हणाला, आणि मग त्याच्या डोक्यात दिवा लागला. तो उठला, निळा पट्टा मिरवत काउंटरवर गेला आणि दोन्ही हातांत धरून दुसरं शहाळं घेऊन आला. बारवाल्याने सवयीने त्याचंही तोंड कापून आत रम ओतली होती. आत्याने वास घेतला. काका ओशाळला, “बाय, त्याने दारू घातली गो. दर्याला कशी चालंल?”

“दर्याचा वय झालाय,” आत्या म्हणाली. “त्याला चालतं. पन तोंड कापलेला नारल मी कसा दिऊ?”

त्याचं काय करायचं हा प्रश्न काकाने स्वतःच सोडवला. काउंटरवर परत विचारलं तर उत्तर आलं, अख्खं शहाळं देत नाही, पेय करूनच देतो. आत्या हसली आणि जेवायला चला म्हणाली. काचांकडे पाठ करून ती जेवली. मी तिच्या समोर बसले होते, त्यामुळे मला तिच्या डोक्यावरून समुद्र दिसत होता. काळा होत चाललेला, सपाट, कुठेही दिवा नसलेला. मला तो बघताना चोरी केल्यासारखं वाटलं.

सकाळी मी उठले ती ठरवूनच. बार बंद होता, एक चाळिशीचा माणूस काउंटर पुसत होता. मला पाहून त्याने आधी मनगट पाहिलं आणि हिंदीत म्हणाला, ही जागा तुमच्यासाठी नाही. मी म्हटलं, मला प्यायचं नाहीये, न कापलेलं शहाळं हवंय, आमच्या आत्याला दर्याला मान द्यायचाय. त्याचा फडका थांबला.

“कुठल्या तुमी?” मराठीत.

“घणसोली गाव.”

“मी जासईचा, उरणकडचा,” तो म्हणाला, आणि पुढचं सगळं तो आमच्या बोलीत बोलला. “मंगा काल सांगाचा ना! मना वाटला कोन पिऊन मस्करी करतंय.” त्याने खालच्या फळीवरून सगळ्यात गोल शहाळं निवडलं. मग आवाज खाली केला, “पन दर्यात नको टाकू गो पोरी. एक साल जरी टाकली तरी माझी नोकरी जाईल.” माझा चेहरा पाहून त्याने हनुवटीने तलावाकडे खूण केली. “त्या तलावान पानी कंचा हाय म्हायती हाय का? दर्याचाच. बंदरातशी बाहेर आयलो का भरतान.”

मी शहाळं छातीशी धरून धावत सुटले. वाटेत ओमला उठवून मुलांच्या खोलीत शिरले, तिथे हस्तकलेच्या टेबलावर सोनेरी कागद पडलेले आदल्या दिवशीच पाहिले होते. नारळी पौर्णिमेला आमच्याकडे नारळाला सोनेरी कागद लावतात. ओमने जीभ बाहेर काढून तो गुंडाळला. त्याच्या तोंडावरचा वाघ झोपेत पुसून मांजरीवर आला होता. तिथे निळ्या पट्ट्याच्या माणसाला कुणी पाऊलही टाकू दिलं नसतं, हे मला गुंडाळून झाल्यावर लक्षात आलं.

आत्या खोलीत वेणी घालत होती. मी शहाळं तिच्या मांडीवर ठेवलं आणि मग मला भीती वाटली. नारळ म्हणजे पिकलेला, तपकिरी, शेंडीचा. हे सोनेरी कागदाखाली हिरवं, कोवळं. बिनशेंडीचं. मी आधीच म्हणून टाकलं, “आत्या, हा नारळ नाही, शहाळं आहे. अजून तयार नाही झालेलं.”

आत्याने ते कानाशी नेऊन हलवलं, आत पाणी डुचमळलं.

“नारलाला वय कोन विचारतं गो? आत पानी हाय ना, मंगा झाला.”

ती शहाळ्याबद्दलच बोलत होती. पण मी ते माझ्यासाठी ठेवून घेतलं, आणि अजून ठेवलं आहे.

तलावापाशी आम्ही सगळे मोरपिशी जमलो. काकाने कपड्यांचा दुसरा जोड आणला होता. आत्या काठावर बसली, तलावात बोट बुडवून जिभेला लावलं आणि मान डोलावली. “खारा हाय. त्याचाच हाय.” तिने पदराच्या गाठीतून हळदीकुंकू काढलं, शहाळ्याला लावलं, डोळे मिटले. ती काय पुटपुटली ते कुणाला ऐकू आलं नाही. मग तिने ते दोन्ही हातांनी पाण्यावर सोडलं. जहाज झुलत होतं, त्यामुळे तलावही झुलत होता. सोनेरी शहाळं पार त्या टोकाला गेलं, थांबलं आणि हळूहळू परत आत्याच्या पायाशी आलं. खुर्च्यांवर पहुडलेली माणसं उठून उभी राहिली. बंदरावरच्या त्या काकू सर्वांत पुढे होत्या. “बघा, मी म्हटलं नव्हतं?” असं कुणाला तरी सांगत त्यांनी टाळ्या सुरू केल्या आणि सगळा डेक टाळ्या वाजवू लागला.

तलावाच्या रखवालदाराने शिट्टी मारली. वस्तू बाहेर काढा. आमच्या गावात सोडलेला नारळ परत आणायला पाण्यात उड्या मारतात ते मुलगे. आम्ही मुली काठावरून बघतो. आत्याने ओमकडे पाहिलं, मग माझ्याकडे. घसरगुंडीसाठी मी सकाळपासून मोरपिशी कुडत्याच्या आत पोहण्याचे कपडे घातलेलेच होते. “जा वैशे,” ती म्हणाली, “घेऊन ये.” मी उडी मारली. नाकातोंडात खारं पाणी गेलं, डोळे झोंबले, आणि हाताला तो ओला सोनेरी कागद लागला. मी वर आले तेव्हा आत्या दात काढून हसत होती.

जासईच्या दादाने शहाळं फोडून दिलं. त्या एका शहाळ्याचं पाणी चमचा चमचा करून किती जणांना पुरलं म्हणून सांगू. शिट्टी मारणाऱ्यालाही दिलं, त्या काकूंनाही. मग आत्याने हात पुसले, डोक्यावरचा पदर मागे टाकला आणि चालत कठड्याशी गेली. आम्ही कुणी तिच्याबरोबर गेलो नाही. ती आधी समोर बघत राहिली. मग डावीकडे. मग सगळ्या डेकला वळसा घालून पलीकडच्या कठड्याशी गेली आणि तिथूनही बघितलं. मग जहाजाच्या शेपटाकडे, जिथे आमचा पांढरा माग पाण्यात मिटत होता. चारही बाजू तिने स्वतः तपासल्या. परत आली तेव्हा तिचे डोळे ओले होते आणि आवाज मात्र नेहमीचाच.

“आपला बाबा खोटा नव्हता बोलत,” ती बाबांना म्हणाली. “खरंच पल्याड नाय रं.”

बाबा रडत होते, उघड, मोरपिशी शर्टाच्या बाहीला नाक पुसत. आत्याने त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला.

त्या दुपारी तिने एक आरामखुर्ची ओढून कठड्याशी लावली, तोंड समुद्राकडे. बसण्याआधी मागे वळून दोघा भावांना म्हणाली, “मी आता तिकडं बघतंय. मागं काय चाललंय मना दिसायचा नाय. तुमी प्या आरामात.” आणि खरंच तिने आमच्याकडे पाठ केली. आदल्या दिवसभर दर्याला दाखवलेली तीच पाठ, आता भावांना. बाबांनी ग्लास उचलला, तिच्या पाठीकडे पाहून हलकेच कपाळाला लावला आणि मग प्यायले. मी माझी खुर्ची आत्याच्या शेजारी नेली. आम्ही दोघी आइस्क्रीम खात नुसत्या बसलो. मध्येच ती म्हणाली, “आपली खाडी पन बरी गो. पल्याड दिवं दिसतान.” मग पुन्हा बघत राहिली.

तो पिवळा पट्टा मी कापून काढला नव्हता. घरी आल्यावर दोन आठवडे हातावर होता, मग आंघोळीत विरून गेला. परवा काकाची ओळ वाचून आत्याने ग्रुपवर आवाजाचा संदेश पाठवला. तिला लिहिता येत नाही असं नाही, पण बोलल्यावर खात्री वाटते म्हणते. “जायाचा तर जाऊ. नारल मी नेत नाय, जासईवाला हाय का ता बघा.” गुडघे दुखतात तिचे हल्ली, तरी खुर्ची मात्र कठड्याशीच लावायची, असं तिने दोनदा बजावलं आहे. लगेच काकाचं उत्तर आलं, वैशूचा पहिला पेला माझ्यातर्फे.

तेव्हा जाणार आम्ही, बहुतेक. या वेळी मनगटावर निळा पट्टा असेल, वेटर मला समज देणार नाही, मुलांच्या खोलीत मला कुणी घेणार नाही. त्याचं थोडं वाईट वाटतंय. पेल्याचं म्हणाल तर मी बाबांची मुलगी आहे. बसणार आत्याच्या मागच्याच टेबलावर, आणि ती जराशी जरी मागे वळली, तरी ग्लास बाबांपुढे सरकवणार.